हेन्री नोल्स बीचर

हेन्री नोल्स बीचर (४ फेब्रुवारी, १९०४ - २५ जुलै, १९७६) हे अमेरिकन भूलतज्ज्ञ व वैद्यकीय संशोधक होते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवरील औषधांची शास्त्रशुद्ध चाचणी आणि रुग्णांवरील प्रयोगांतील नीतिनियम या दोन्ही विषयांत त्यांचे कार्य पायाभूत मानले जाते.

जीवन

बीचर यांचा जन्म अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात झाला. त्यांचे मूळ नाव हॅरी उनांग्स्ट होते. ते त्यांनी तरुणपणी बदलले. १९३२ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. १९३६ पासून ते बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भूल विभागाचे प्रमुख होते.

वेदनाशामकांच्या चाचण्या

दुसऱ्या महायुद्धात बीचर उत्तर आफ्रिका व इटलीतील आघाड्यांवर होते. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जण विचारणा करूनही वेदनाशामक नको म्हणत असल्याचे त्यांना आढळले. याउलट, शस्त्रक्रिया झालेले बहुसंख्य नागरी रुग्ण औषध मागत. त्यामुळे जखमेच्या आकारावरून वेदनेची तीव्रता ठरत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

वेदना मोजण्याचे यंत्र नसल्याने रुग्णाचे सांगणे हाच पुरावा होता. तो विश्वसनीय व्हावा म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेतून बरे होणाऱ्या रुग्णांना नवे औषध, मॉर्फीन आणि निष्क्रिय द्रव्य (प्लासिबो) आलटूनपालटून देण्याची पद्धत रूढ केली. कोणत्या वेळी काय दिले, हे रुग्णाला व नोंद घेणाऱ्यालाही ठाऊक नसे. ठरावीक अंतराने आराम पडला का, याची नोंद होई. १९५५ साली त्यांनी १५ अभ्यासांतील १,०८२ रुग्णांची माहिती एकत्र केली आणि सरासरी सुमारे ३५ टक्के रुग्णांना निष्क्रिय द्रव्यानेही आराम पडल्याचे मांडले. हा आकडा फुगलेला असल्याची टीका पुढे झाली. मात्र तुलनेशिवाय नव्या औषधाचा गुण सिद्ध होत नाही, हे तत्त्व टिकले.

नीतिनियम

१९६६ साली बीचर यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये संशोधकांची नावे न देता अनैतिक प्रयोगांची २२ उदाहरणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी अनेकांत रुग्णांची संमती घेतलेली नव्हती. या लेखामुळे संमतीविषयीचे नियम कडक होण्यास चालना मिळाली. त्यांनी स्वतः लष्कराच्या निधीतून एलएसडीसारख्या द्रव्यांवर केलेले संशोधन मात्र नंतर टीकेचा विषय ठरले. १९६८ साली मेंदूमृत्यूची व्याख्या मांडणाऱ्या हार्वर्डच्या समितीचे ते अध्यक्ष होते.