भिंतीपलीकडची घंटा

१८५८ साली बंगालमध्ये जन्मलेल्या जगदीशचंद्र बोसांना वडिलांनी आधी बंगाली शाळेत घातलं, कोळ्या-शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर. (मी पडले कॉन्व्हेंटवाली!) १८९५ मध्ये कोलकात्यात त्यांनी बिनतारी लहरी भिंतींतून पाठवून पलीकडे घंटा वाजवून दाखवली. शोधांतून पैसा कमवायचा नाही हे त्यांचं तत्त्व. १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं तेही मित्रमंडळींच्या आग्रहामुळे. १९३७ मध्ये ते गेले.

यंदा प्रोजेक्टमध्ये त्यांची घंटा आम्ही अष्टमीला नेली. आजी तिथे एकटी, कानाने अधू. स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म तिला ऐकूच येत नाही. आता धूर झाला की भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंकडे घंटा वाजते. एरवी सर्किट झोपलेलं असतं, म्हणून सेल पुरतो. आजी निवांत झोपते, आणि इथे हॉस्टेलवर मीही.