कायावाचामने : आचार्य कूकाई

आपल्या संप्रदायात जपाची माळ हाती घेतली म्हणजे बोटे कशी जुळवायची, डोळे मिटून नेमके काय पाहायचे, असे कोणी विचारीत नाही. नाम घ्यावे, टाळी वाजवावी, विटेवरचे रूप डोळ्यांपुढे आणावे, झाले. ‘कायावाचामने’ हा शब्द आपण येता-जाता वापरतो. पण त्या तिघांना एका क्षणी एका ठिकाणी आणणे किती अवघड, हे जप करणाराच जाणे. हात माळ ओढतो, जीभ नाम घेते आणि मन मात्र बाजारात! ही तिन्ही एका दावणीला बांधण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला, अशा एका परदेशस्थ आचार्यांचे चरित्र आज सांगायचे आहे. देश जपान, नाव कूकाई. त्यांच्या भाषेत कू म्हणजे आकाश आणि काई म्हणजे समुद्र. धर्म बौद्ध, पण मंत्र सगळे संस्कृत. म्हणून म्हणतो, वारकऱ्याने हे चरित्र परके मानू नये.

जपानच्या शिकोकू नावाच्या बेटावर इ. स. 774 मध्ये त्यांचा जन्म झाला. घराणे सरदारांचे. मामा मोठे पंडित. त्यांनीच भाच्याला चिनी शास्त्रे पढविली आणि पुढे राजधानीच्या विद्यापीठात घातले. तेथून बाहेर पडला की सरकारी अधिकारपद ठरलेले. घरच्यांच्या आशा त्यावर लागून राहिल्या होत्या. पण ह्या मुलाचे चित्त तेथे रमेना. एका साधूने त्याला आकाशगर्भ बोधिसत्त्वाच्या मंत्राचा विधी सांगितला. मंत्राचा दहा लक्ष जप यथाविधि पुरा करील त्याला सर्व शास्त्रांचा अर्थ लागतो आणि स्मरणात राहतो, अशी त्याची फलश्रुती. आपल्याकडचे पुरश्चरणच म्हणा ना! रोज दहा हजार धरले तरी शंभर दिवस लागतात. विद्यापीठ सुटले, आप्तेष्ट नाराज झाले, आणि हा तरुण शिकोकूच्या तायर्यू डोंगरावर व मुरोतोच्या समुद्रकाठी जपाला बसला. मुरोतोला पुढे नुसता समुद्र आणि वर आकाश. तेथे पहाटेचा शुक्रतारा उत्तररूपाने त्यांच्यापुढे प्रकटला, असे ते स्वतःच लिहून गेले. तारा मुखात शिरला, ही भाविकांची पुढची भर. वयाच्या चोविसाव्या वर्षी, 797 साली, त्यांनी कन्फ्यूशियसचा, ताओचा आणि बुद्धाचा मार्ग ताडून पाहणारा ग्रंथ लिहिला. घर का सोडले, याचे उत्तरच ते.

पुढे महावैरोचनसूत्र त्यांच्या हाती पडले. वाचले, पण मंत्र आणि मुद्रांची जागा आली की गाडी अडे. अक्षरे दिसत, उच्चार कसा, हात कसा धरायचा, हे कागद सांगेना. सांगणारा जपानात कोणी सापडेना. तेव्हा 804 साली ते चीनला निघाले. चार गलबतांचा राजकीय तांडा, वादळात सापडला. चारांपैकी दोनच पोचली. कूकाईंचे गलबत महिन्याहून अधिक काळ समुद्रात भरकटत भलत्याच किनाऱ्याला लागले. तेथल्या अधिकाऱ्याला हे लोक संशयास्पद वाटले. अखेर राजदूताच्या वतीने कूकाईंनी असे सुरेख चिनी पत्र लिहिले की त्याने आदराने वाट मोकळी करून दिली. त्यांचे हस्ताक्षर आजही जपानात आदर्श मानतात.

छांगआन ही तेव्हाची चीनची राजधानी. तेथे भारतातून गेलेले प्रज्ञ आणि मुनिश्री हे पंडित होते. त्यांच्यापाशी कूकाई संस्कृत शिकले. मग 805 मध्ये छिंगलुंग विहारात आचार्य हुइकुओ यांची भेट झाली. ह्या गुरूंची परंपरा पाहा: दक्षिण भारतातले वज्रबोधी, त्यांचे शिष्य अमोघवज्र, त्यांचे शिष्य हुइकुओ. अमोघवज्र निवर्तले तेही 774 सालीच, म्हणून कूकाई हा त्यांचाच पुनर्जन्म, अशी जपानी भाविकांची श्रद्धा आहे. हुइकुओ आजारी होते. शिष्य उदंड होते. तरी ह्या परक्या तरुणाला पाहताच, तुझीच वाट पाहत होतो, आता वेळ थोडा उरला आहे, अशा अर्थाचे ते बोलले. डोळ्यांवर पट्टी बांधून देवतामंडलावर फूल टाकायचे आणि ते ज्या देवतेवर पडेल ती आपली, अशी दीक्षेची रीत. कूकाईंनी दोन मंडलांवर दोनदा फूल टाकले. दोन्ही वेळा ते मधोमध महावैरोचनावरच पडले. तीन महिन्यांत आचार्यपदाचा अभिषेक झाला, आणि त्याच हिवाळ्यात गुरूंनी देह ठेवला. भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे तशी विद्या दिली गेली. थोडा उशीर झाला असता तर? विचार करवत नाही.

आता ती विद्या काय, ते सांगतो. गुप्त भाग मला ठाऊक नाही आणि असता तरी येथे लिहिला नसता. तीन रहस्ये मानतात: कायेचे, वाचेचे, मनाचे. हाताने मुद्रा बांधायची, मुखाने मंत्र म्हणायचा, मनात देवतेचे रूप किंवा बीजाक्षर पाहायचे. तिन्ही एकाच वेळी. उदाहरणार्थ, डाव्या हाताची तर्जनी उभी धरून ती उजव्या मुठीत घ्यायची, ही महावैरोचनाची ज्ञानमुष्टी. मुद्रा उघड्यावर करीत नाहीत, वस्त्राखाली झाकून करतात. आणि फळ मेल्यावर नव्हे, ह्याच देहात बुद्धत्व. कूकाईंनी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

यांतले एक ध्यान तर आपल्या मनाला फार जवळचे वाटेल. भिंतीवर चित्र असते: पांढरे चंद्रबिंब, त्यात कमळ, कमळावर सोनेरी ‘अ’. होय, आपलाच संस्कृत ‘अ’, सिद्धम् लिपीतला! साधक मांडी घालून बसतो, उजवा तळवा डाव्यावर ठेवून अंगठे टेकवतो, श्वासाबरोबर ‘अ’ उच्चारतो. मग चित्रातले चंद्रबिंब स्वतःच्या हृदयात आणतो, ते हळूहळू वाढवून सारे आकाश भरून टाकतो, आणि पुन्हा आखडून हृदयात ठेवतो. ‘अ’ म्हणजे अनुत्पन्न, ज्याला उत्पत्ती नाही ते. माऊलींनी ग्रंथारंभी अकारापासून गणेशाचे दर्शन घडविले, ते ज्याला आठवते त्याला ह्या ध्यानाचे नवल वाटू नये. जपानी अक्षरमालेचा आजचा क्रमही अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न असा आहे. तो आपल्या वर्णमालेवरून गेला, बरं का.

असो. कूकाई 806 साली परतले. वीस वर्षे राहायचे म्हणून गेले होते, दोन वर्षांत आले, म्हणून राजधानीत जायची परवानगी मिळेपर्यंत दक्षिणेकडे थांबावे लागले. मग एक प्रसंग घडला, तो मला ह्या चरित्रातला सर्वांत कठीण वाटतो. त्याच तांड्यातून चीनला जाऊन आलेले साइचो नावाचे दुसरे आचार्य, वयाने वडील, दरबारात मान मोठा. पण अहंकार बाजूला ठेवून 812 मध्ये त्यांनी कूकाईंकडून अभिषेक घेतला. ते ग्रंथ मागून नेत, उतरवून परत करीत. पुढच्या वर्षी त्यांनी एक गूढ टीका मागितली आणि कूकाईंनी साफ नकार दिला. वाचून हे मिळणार नाही, गुरूजवळ बसून साधले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. साइचोंचा ताइहान नावाचा लाडका शिष्यही कूकाईंकडे राहिला तो राहिलाच. दोघांचा स्नेह तुटला. कूकाईंची बाजू शास्त्राची. पण साइचोंच्या मनाचे काय झाले असेल! मला तरी वाटते, आमच्या तुकोबांना स्वप्नात मिळालेला ‘रामकृष्णहरी’ चव्हाट्यावर वाटला गेला, हे आमचे थोर भाग्य.

पण कूकाई नुसते गुप्तविद्येचे कुलूप नव्हते. 816 मध्ये त्यांना साधनेसाठी कोया पर्वत मिळाला. 821 मध्ये त्यांच्या जन्मप्रांतातला मान्नोचा फुटलेला तलाव बांधायला सरकारला माणसे मिळेनात. कूकाई येताच लोक आपण होऊन लोटले. काही महिन्यांत बांध उभा राहिला. त्या तलावाचे पाणी आजही शेतांना जाते. 823 मध्ये क्योतोचे तोजी मंदिर त्यांच्याकडे आले. 828 मध्ये त्यांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली, गुरू आणि विद्यार्थी दोघांच्याही जेवणाची सोय करून. कारण सरकारी विद्यापीठ वरच्या घराण्यांचे. त्यांच्या पश्चात ती दहा-एक वर्षांत बंद पडली.

835 सालच्या तिसऱ्या महिन्यात, एकविसाव्या दिवशी कोया पर्वतावर त्यांची देहयात्रा थांबली. भाविक म्हणतात, थांबली नाही, ते समाधीत बसले आहेत. आळंदीला जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. रोज दोन वेळा तेथे त्यांच्यासाठी ताट नेतात. ‘कोबो दाइशी’, म्हणजे धर्म पसरविणारे थोर आचार्य, ही पदवी सम्राटाने 921 मध्ये दिली.

आणि मौज पाहा. ज्या आचार्यांनी मंत्र कागदावरून देण्याचे नाकारले, त्यांचेच नाव साध्याभोळ्यांचा मंत्र झाले. शिकोकूची अठ्ठ्याऐंशी मंदिरांची परिक्रमा आहे, सुमारे बाराशे किलोमीटरची. पायी सहा-सात आठवडे लागतात. पांढरी वस्त्रे, हातात काठी, मुखाने ‘नमु दाइशी हेंजो कोंगो’. नमु म्हणजे आपले ‘नमः’. हेंजो कोंगो म्हणजे सर्वत्र प्रकाशणारे वज्र, कूकाईंचे अभिषेकाचे नाव. ना मुद्रा लागते, ना मंडल. गावोगावचे लोक यात्रेकरूला फळ, चहा, पैसे देतात. एकटा चालणाराही आपण दोघे आहोत असे मानतो, कारण ती काठी म्हणजेच दाइशी. कूकाई एकदा पुलाखाली झोपले होते, म्हणून पुलावरून जाताना काठी टेकवीत नाहीत. आणि मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचे टोक धुतात. मग आपले पाय.