निदान अचूक, औषध विषारी

मागच्या सेमिस्टरला आय.सी. इंजिनच्या व्हायवात एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, की नॉकिंग स्पार्कच्या आधी होतं की नंतर? मी बिनधास्त ‘आधी’ म्हणून मोकळी झाले. सरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पुढच्या रोल नंबरला बोलावलं. मार्क गेले ते गेलेच. पण रूमवर येऊन वाचायला लागले तेव्हा कळलं, की १९१६ साली भले भले जाणकारसुद्धा माझंच उत्तर देत होते! ते चूक आहे हे ज्याने दाखवून दिलं, त्या थॉमस मिजलीची ही गोष्ट. मित्रमैत्रिणींनो, गोष्ट शेवटपर्यंत वाचा, कारण ती अर्ध्यावर सोडली तर तो नुसता हिरो वाटतो.

थॉमसचा जन्म १८ मे १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावचा. वडील स्वतः संशोधक, टायरच्या धंद्यातले. १९११ साली तो कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर झाला. ब्रँच कुठली? आपलीच, मेकॅनिकल! केमिस्ट्री त्याने पुढे गरज पडली तेव्हा स्वतःच शिकून घेतली. १९१६ मध्ये तो ओहायो राज्यातल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली नोकरीला लागला.

हे केटरिंग म्हणजे मोटारीला सेल्फ स्टार्टर देणारे गृहस्थ. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो पहिल्यांदा आला आणि हँडल मारून गाडी चालू करायची कटकट संपली. सोबत त्यांची बॅटरीवरची इग्निशनही आली. पण याच काळात गाड्यांमधून एक विचित्र आवाज ऐकू यायला लागला. चढ आला, लोड वाढला, की बॉनेटखाली कुणी हातोडीने ठोकतंय असा ठक-ठक आवाज. पॉवर कमी व्हायची, कधी पिस्टन खराब व्हायचा. प्रतिस्पर्ध्यांनी लगेच बोट दाखवलं, की हा सगळा बॅटरी इग्निशनचा प्रताप. केटरिंग यांची खेडोपाडी वीज देणारी रॉकेलवरची जनरेटर यंत्रंही ठोकायची. त्यांनी हा प्रश्न नव्या पोराच्या गळ्यात टाकला.

मला थॉमसचं सर्वांत काय आवडलं, तर त्याने आधी काही बदललं नाही, आधी पाहिलं. सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो हे बाहेरून दिसणार कसं? त्याने दाब मोजणाऱ्या यंत्राला आरसा आणि प्रकाशाचा किरण जोडून दाबाची रेघ फोटोच्या फिल्मवर उमटवली. त्या रेघेत दिसलं, की स्पार्क पडतो, जळणं व्यवस्थित सुरू होतं आणि त्यानंतर दाब एकदम उसळी मारतो. म्हणजे प्रीइग्निशन वेगळं आणि नॉकिंग वेगळं. आज आपण शिकतो ते असं, की ज्वाला प्लगपासून पुढे सरकत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि ज्वाला पोचायच्या आधीच आपोआप एकदम पेटतं. त्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, तोच आपला ठक-ठक. थोडक्यात, इग्निशन निर्दोष होती. दोष इंधनात होता.

आता औषध काय? इथे एक मजाच झाली. तिकडे एक रानफूल आहे, पानं खालून लालसर, बर्फ असतानाच फुलणारं. लाल रंगामुळे पानं उष्णता जास्त शोषत असतील, मग रॉकेल लाल केलं तर तेही लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा या दोघांचा तर्क. स्टोअरमध्ये लाल रंग सापडेना, म्हणून थॉमसने आयोडीन ओतलं. आवाज थांबला! मग त्याने दुसरे लाल रंग आणून टाकले, तर आवाज जशाच्या तसा. रंग नसलेलं आयोडीनचं संयुग टाकलं, तर पुन्हा थांबला. म्हणजे तर्क साफ चुकीचा, पण हाती लागलं ते खरं. इंधनात थोडंसं काही मिसळून नॉकिंग थांबवता येतं, हे सिद्ध झालं.

पण आयोडीन महाग, शिवाय धातू खाणारं. पुढची काही वर्षं एकामागून एक रसायनं टाकून बघणं चाललं. टेल्युरियमचा तर असा घाण वास, की आंघोळ करूनही अंगावरून जाईना. शेवटी आवर्तसारणी समोर ठेवून शोध सुरू झाला आणि ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं संयुग, इंजिनात गेलं. हजारात एक भागाहूनही कमी, आणि इंजिन एकदम गप्प. २ फेब्रुवारी १९२३ ला डेटनमध्ये असं पेट्रोल विक्रीला आलं. नाव ठेवलं ‘इथाइल’. नावात शिशाचा उल्लेखही नाही.

इथून पुढे वाचताना माझा मूडच गेला. शिसं विष आहे हे त्या काळी माहीत नव्हतं, असं मुळीच नाही. १९२३ च्या सुरुवातीला थॉमसला स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि तो बरा व्हायला फ्लोरिडाला गेला. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ५ कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले, कितीतरी जण आजारी पडले. त्याच ३० ऑक्टोबरला थॉमसने पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगून दाखवली, काही होत नाही म्हणून. स्वतःला बाधा झालेला माणूस हे करतो! दुसरा उपाय नव्हता का? होता. अल्कोहोल मिसळलं की नॉकिंग कमी होतं हे याच टीमला ठाऊक होतं. पण अल्कोहोल कुणीही बनवू शकतो, त्याच्यावर पेटंटचा हक्क कुठून मिळणार?

पुढे त्याने सहकाऱ्यांबरोबर फ्रिजसाठी फ्रीऑन वायू शोधला. १९३० मध्ये तोही छातीत भरून घेऊन, फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. तेव्हा तो खरंच सुरक्षित वाटत होता. ओझोनच्या थराला त्याने धोका आहे हे १९७४ मध्ये समजलं. १९४० साली थॉमसला पोलिओ झाला. बिछान्यातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि पुलीची व्यवस्था स्वतःच डिझाइन केली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांत गळा अडकून त्याचा मृत्यू झाला. वय ५५. तोवर त्याला रसायनशास्त्रातले मोठमोठे सन्मान मिळून गेले होते.

शिशाचं पेट्रोल मात्र त्याच्यानंतरही जगभर जळत राहिलं. सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचं. आपल्या देशात ते सगळीकडे बंद झालं १ फेब्रुवारी २००० ला. म्हणजे माझ्या जन्माच्या थोडं आधी. आई-बाबांचं बालपण, कॉलेज, सिग्नलला थांबलेल्या रिक्षामागचा धूर, सगळं त्यातच गेलं. शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये बंद झालं. आणि आज आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये काय मिसळतात? इथेनॉल. आपल्याच साखर कारखान्यांतून येणारं अल्कोहोल! म्हणजे त्याने बाजूला ठेवलेलाच उपाय.

थॉमसला व्हिलन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्यासारखं निदान करता आलं तर मी स्वतःला धन्य समजेन. पण निदान झाल्यावर त्याने विचारलं ते एवढंच, की आवाज थांबला का. हा धूर शेवटी कुणाच्या छातीत जाणार, हे त्याने विचारलं नाही. किंवा विचारलं असेल, पण उत्तर गैरसोयीचं होतं. उद्या प्लेसमेंट होऊन आपणही कुठेतरी कुणाचा तरी आवाज थांबवायला बसणार आहोत. सरांचा व्हायवाचा प्रश्न आता मला पाठ आहे. हा दुसरा प्रश्न सिलॅबसमध्ये नाही, तो आपला आपणच विचारावा लागेल.