ठसे करणारे दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके म्हटलं की सगळे सिनेमा म्हणतात. पण त्याच्या आधी ते चित्रांचे ठसे करून छापत होते. मी तेच सांगणार आहे.

त्यांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. १८८५ साली ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. मग बडोद्याच्या कलाभवनात फोटो आणि छपाई शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. पण तिथं प्लेग आला. त्यात त्यांची बायको आणि मूल दगावले. ते गाव सोडून निघाले. पुढे सरस्वतीबाईंशी त्यांचे लग्न झाले.

ते जादूचे खेळही करायचे. नाव घेतलं प्रोफेसर केळफा. उलटं वाचा, फाळके होतं! ठसासुद्धा असाच उलटा करावा लागतो बरं का, तेव्हा कागदावर सुलटा उठतो.

आपण भेंडी कापून रंगात बुडवतो आणि कागदावर फूल उठवतो, तो ठसाच. जपानात लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचे आणि दर रंगाला वेगळी फळी. होकुसाई यांचे मोठ्या लाटेचे चित्र तसेच छापलेले आहे. गुरुजींनी आम्हाला दाखवले. फळी जराशी सरकली की रंग रेषेच्या बाहेर जातो. आपल्याकडे लोणावळ्याजवळ रविवर्मा छापखाना होता. तिथे फळीऐवजी दगड वापरत, दर रंगाला वेगळा. लक्ष्मी, सरस्वती यांची चित्रे तिथूनच घरोघरी गेली. दादासाहेबांनी त्या छापखान्याचे काम केले. मग सरकारी नोकरी सोडलेल्या या माणसाने १९०८ साली स्वतःचा छापखाना काढला. तो पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. १९०९ साली ते रंगीत छपाईचे यंत्र आणायला जर्मनीला गेले. पिवळा, तांबडा, निळा असे तीनच ठसे एकावर एक मारले की सगळे रंग येतात. पिवळ्यावर निळा लावला की हिरवा होतो, मी लावून पाहिलं.

छापखाना चांगला चालला होता. पण भागीदारांशी पटेना. दादासाहेब सगळं तिथंच सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळीस. घरात लेकरं. १९११ साली त्यांनी येशूचा सिनेमा पाहिला आणि रात्रंदिवस त्याचाच अभ्यास केला. इतका की काही दिवस डोळ्यांना दिसेना! औषधाने बरे झाले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले. आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप कसे वाढते त्याची फिल्म काढली, म्हणजे पैसेवाल्यांना पटावे. मला हीच फिल्म सगळ्यात भारी वाटते.

३ मे १९१३ रोजी मुंबईत राजा हरिश्चंद्र लागला. तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण बाया कामाला मिळाल्या नाहीत. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब नाशिकला वारले.