चार भागांचा चाकू आणि जोसेफ ओपिनेल

स्वस्त वस्तू टिकत नाही, हा सर्वसामान्य ग्राहकाचा अनुभव आहे आणि घडीचा चाकू हे त्याचे नेहमीचे उदाहरण. रस्त्यावर हौसेने घेतलेल्या अशा चाकूची स्प्रिंग काही महिन्यांत सैल पडते, पाते डुगडुगू लागते, मुठीवरचे प्लॅस्टिक निखळते आणि एके दिवशी तो खणाच्या तळाशी कायमचा जाऊन पडतो. चाकू टिकाऊ हवा असेल तर पैसे अधिक मोजावे लागतील, हे मग आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या डोंगराळ भागातील एका लोहाराच्या मुलाने मात्र हे गृहीतक मान्य केले नाही. त्याचे नाव जोसेफ ओपिनेल. शेतकऱ्याला, गुराख्याला, रेल्वेच्या कामगाराला सहज परवडेल आणि तरीही वर्षानुवर्षे खिशात राहील असा चाकू त्यांनी बनविला. तो आजही जवळजवळ त्याच रूपात बनतो.

जोसेफ यांचा जन्म १८७२ चा. सॅव्हॉय प्रांतातील मोरिएन खोऱ्यात, आल्बिए-ल-व्ह्यू या गावाच्या जेवूदा नावाच्या वाडीत ओपिनेल कुटुंबाचे घर होते. आल्प्सच्या कुशीतला हा मुलूख १८६० मध्ये फ्रान्सला जोडला गेला. डोंगरउतारावरची शेती आणि दुभती जनावरे एवढ्यावर तेथे वर्ष निघत नसे. त्यामुळे हिवाळ्यात बर्फ पडू लागले की अनेक पुरुष पाठीवर सामान घेऊन फेरीवाल्याचा धंदा करीत दूरवर जात. जोसेफ यांचे आजोबा व्हिक्टर-आमेदे हे अशांपैकीच एक. ते स्वतः खिळे घडवीत आणि फिरतीवर विकत. पुढे त्यांनी गावात भट्टी उभारली. वडील दानिएल यांनी त्या भट्टीला नावलौकिक मिळवून दिला. कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारे हा त्यांचा माल आणि त्यांच्या हातची धार पंचक्रोशीत नावाजलेली होती. दानिएल यांचे हत्यार म्हणजे एकदा घ्यावे आणि मुलाच्या हाती द्यावे, असा लोकांचा विश्वास होता. त्या विश्वासावरच घर चालत असे.

जोसेफ यांचा जन्म होण्याच्या आदल्याच वर्षी, १८७१ मध्ये, या खोऱ्याच्या आयुष्यात मोठा बदल घडला होता. फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा बारा किलोमीटरहून अधिक लांबीचा फ्रेज्यूसचा रेल्वेबोगदा सुरू झाला आणि सँ-जाँ-द-मोरिएन हे खोऱ्यातले गाव एका आंतरराष्ट्रीय लोहमार्गावर आले. ज्या वाटेने आजोबा खिळ्यांची पोतडी घेऊन चालत गेले, त्याच खोऱ्यातून नातवाच्या बालपणी आगगाडी धडधडत जाऊ लागली. या योगायोगाचे मोल पुढे कळले.

अठराव्या वर्षी जोसेफ वडिलांच्या भट्टीवर रुजू झाले. पोलाद तापविणे, घण मारणे, त्याला पाणी देणे, धार काढणे हे सारे त्यांनी रीतसर आत्मसात केले. तथापि त्यांचे मन ऐरणीइतकेच यंत्रात रमत असे. छायाचित्रण ही त्या काळी नवलाची विद्या. जोसेफ यांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला आणि आसपासच्या गावांतील लग्ने व समारंभ यांची छायाचित्रे काढण्यापर्यंत मजल मारली. लोहाराच्या घरात असा मुलगा निपजणे ही काहीशी काळजीची बाब असावी. दानिएल हे परंपरेचे पाईक. हाताने घडविलेल्या मालावरच त्यांची श्रद्धा होती. मुलाला मात्र यंत्राच्या साहाय्याने एकच वस्तू सारख्या गुणवत्तेने शेकडो वेळा कशी बनविता येईल, याचा ध्यास लागला होता.

या प्रयोगासाठी त्यांनी निवडला तो खिशातला घडीचा चाकू. वडिलांचा सल्ला त्याच्या विरोधात होता. कुऱ्हाडी घडविणाऱ्या कारखान्यात चाकू ही किरकोळच चीज. पण आल्प्समधील शेतकऱ्याच्या दृष्टीने ती किरकोळ नव्हती. पाव व चीज कापणे, द्राक्षवेलीची छाटणी, दोर तोडणे, काठी तासणे, जनावरांच्या खुरातला खडा काढणे, दिवसभरातल्या अशा अनेक कामांना तो लागे. १८९० मध्ये जोसेफ यांनी आपला पहिला चाकू तयार केला.

त्या चाकूची रचना पाहिली म्हणजे स्वस्ताई आणि टिकाऊपणा यांची सांगड कशी घातली गेली, ते ध्यानात येते. त्या वेळी फ्रान्समध्ये थिएर, इंग्लंडमध्ये शेफील्ड आणि जर्मनीत झोलिंगन ही चाकूंची मोठी केंद्रे होती. तेथील चांगल्या चाकूत मुठीच्या पाठीशी पोलादाची स्प्रिंग असे, आत धातूच्या पट्ट्या, त्यांवर शिंगाचे किंवा लाकडाचे तुकडे आणि हे सारे जखडून ठेवणारे अनेक रिव्हेट. पाते आणि स्प्रिंग यांचा मेळ केसभरही चुकला की चाकू एक तर उघडत नाही किंवा डुगडुगतो. तो मेळ साधण्यासाठी कसलेला कारागीर लागतो आणि त्याची मजुरी किमतीत उतरते. किंमत उतरविण्यासाठी काटकसर केली तर सर्वांत आधी हाच मेळ बिघडतो. स्वस्त चाकू लवकर का मोडतो, याचे उत्तर बव्हंशी येथे आहे. तो महाग चाकूचीच नक्कल असतो. भाग तितकेच, पण प्रत्येक भाग हलका.

जोसेफ यांनी भाग हलके न करता कमी केले. त्यांच्या चाकूत अवघे चार भाग होते. पाते, लाकडी मूठ, मुठीच्या तोंडावर बसविलेली धातूची कडी आणि पाते ज्यावर फिरते तो खिळा. स्प्रिंग नाही, आतल्या पट्ट्या नाहीत. मूठ म्हणजे गोलसर लाकडाचा एकच अखंड तुकडा. त्यात करवतीने एक चीर पाडलेली, मिटलेले पाते त्या चिरेत बसते. चीर पाडल्यामुळे लाकूड तोंडाशी उलण्याचा धोका असतो. काठीच्या टोकाला शेंबी बसवावी तशी कडी तेथे बसविली की तो धोका टळतो. पाते आवळून धरण्याचे काम लाकूड स्वतःच करते. थकून सैल पडणारी स्प्रिंगच नसल्याने बिघडण्याजोगे फारसे काही उरत नाही.

स्प्रिंग नसलेले असे साधे चाकू युरोपातील शेतकरी त्यापूर्वीही वापरीत होते, ही गोष्ट नोंदवायला हवी. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. जोसेफ यांचे श्रेय दोन बाबींत आहे. एक, खर्चातली सगळी बचत त्यांनी रचनेतून साधली; पोलादाच्या बाबतीत ते लोहाराचेच चिरंजीव राहिले. पाते पातळ, टोकाशी किंचित वर वळलेले, कर्बयुक्त पोलादाचे आणि नीट पाणी दिलेले असे. असे पाते साध्या दगडावर घासून घरच्या घरी धारदार करता येते. गंज मात्र लवकर धरते. आपल्याकडच्या जुन्या विळीवर लिंबू चिरले की ती जशी काळी पडते, तसेच हे पातेही आंबट फळाने काळवंडते. ते पुसून ठेवणे एवढी शिस्त मालकाकडून अपेक्षित असते.

दुसरी बाब यंत्राची. चाकूतला सर्वांत वेळखाऊ भाग होता मूठ. ती तासायची, गुळगुळीत करायची आणि तिच्यात नेमक्या रुंदीची चीर पाडायची. चीर रुंद झाली तर पाते हलते, अरुंद झाली तर अडकते. १९०१ ते १९०३ या काळात जोसेफ यांनी जेवूदाच्या पुलाजवळ आपला पहिला छोटा कारखाना उभारला आणि लाकडी मुठी मोठ्या संख्येने तयार करणारे यंत्र स्वतःच बनविले. कॅमेरा तयार करणारा हात येथे कामी आला. हाताने काम करणाऱ्याची चीर संध्याकाळी थकव्याने वाकडी जाऊ शकते, यंत्राची जात नाही. चाकूची किंमत खाली आणणाऱ्या यंत्राने त्याची गुणवत्ताही वाढविली.

त्याआधी १८९७ मध्येच त्यांनी चाकूंची क्रमवार मालिका आखली होती. १ ते १२ असे बारा आकार, एकाच घाटाचे, लहानापासून मोठ्यापर्यंत. गिऱ्हाइकाने दुकानात येऊन फक्त आकडा सांगायचा. पुढे १९३० च्या दशकात १ आणि ११ हे क्रमांक बंद करण्यात आले. पहिला फारच छोटा होता आणि अकरावा दहा व बारा यांच्यामध्ये अनावश्यक ठरला. सर्वांत लोकप्रिय ठरला तो ८ क्रमांक, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा.

विक्रीसाठी जोसेफ यांनी घराण्याच्या जुन्या वाटेचाही उपयोग केला आणि नव्याही. त्यांनी एक फेरीवाला नेमला आणि सँ-जाँ-द-मोरिएनच्या रेल्वे स्थानकाजवळ छोटेसे दुकान थाटले. पॅरिस-लियॉं-मेदितेरानी या रेल्वे कंपनीचे कामगार तेथे चाकू घेऊ लागले. शिदोरी सोडताना रेल्वेमनच्या हातात तो दिसे, शेजारचा विचारी आणि नाव पुढच्या स्थानकावर पोचे. अशा रीतीने डोंगरातल्या वाडीचा चाकू लोहमार्गाच्या कडेकडेने फ्रान्सभर गेला.

माल खपू लागला की नक्कल होते. फ्रान्सचा राजा नववा शार्ल याने १५६५ मध्ये प्रत्येक चाकूकाराने आपल्या मालावर खूण उमटवावी, असा हुकूम काढला होता. त्या परंपरेला अनुसरून जोसेफ यांनीही खूण निवडली. मुकुटाखाली आशीर्वाद देणारा हात. सँ-जाँ-द-मोरिएनच्या प्रधान चर्चमध्ये संत योहानाच्या बोटांचे अवशेष जतन केले असल्याची श्रद्धा आहे, त्यावरून हात आला. मुकुट सॅव्हॉयच्या जुन्या डचीचा. १९०९ मध्ये तिची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. १९११ च्या तुरीन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जोसेफ यांना सुवर्णपदक मिळाले. शेतकऱ्याच्या खिशातल्या चाकूला हा मान मिळावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

डोंगरातली जागा आता अपुरी पडू लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जोसेफ यांनी कारखाना शाँबेरी शहरालगतच्या कोन्यँ येथे हलविला. तेथे रस्ते आणि रेल्वे दोन्ही हाताशी होत्या. मुलगेही धंद्यात आले. आणि १९२६ मध्ये या कारखान्याला आग लागून तो भस्मसात झाला. जोसेफ तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. चार भागांच्या चाकूची सारी भिस्त यंत्रांवर होती आणि तीच गेली होती. कारखाना मात्र लगोलग पुन्हा उभा राहिला आणि पूर्वीपेक्षा अधिक आधुनिक झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे दोन कोटी ओपिनेल चाकू विकले गेले होते, असा अंदाज आहे.

या चाकूत दोष नव्हते असे नाही. लाकूडच पाते धरून ठेवीत असल्याने लाकूड फुगले की पंचाईत होई. पावसाळ्यात आपल्या घरांची दारे जशी अडकतात तसे पाते भिजलेल्या मुठीत अडकून बसे. सॅव्हॉयच्या लोकांनी त्यावर तोडगा काढला. मिटलेल्या चाकूच्या मुठीचे टोक टेबलावर किंवा दगडावर हलकेच आपटायचे, की पात्याचे अग्र बाहेर डोकावते आणि चिमटीत धरता येते. याला फ्रान्समध्ये सॅव्हॉयचा ठोका असेच नाव पडले आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. उघडलेले पाते केवळ घर्षणावर उभे असल्याने जोर लावताना ते बोटांवर मिटण्याची भीती असे. जोसेफ यांच्या हयातीतच त्यावर उपाय सापडला, तो मात्र पुढच्या पिढीकडून. १९५५ मध्ये त्यांचे चिरंजीव मार्सेल यांनी मूळच्या कडीवर आणखी एक फिरती कडी बसविली. पाते उघडून ही कडी बोटाने फिरवली की ते अडकून राहते. चार भागांचे पाच झाले. दानिएल यांनी मुलाला विरोध केला होता. आता जोसेफ स्वतः त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांच्या मुलाने त्यांच्याच चाकूत बदल केला होता. सहाव्या क्रमांकापासून पुढच्या सर्व चाकूंवर ती कडी आली. २००० मध्ये सुधारणा होऊन ती मिटलेले पातेही अडकवून ठेवू लागली.

१९६० मध्ये जोसेफ ओपिनेल यांचे निधन झाले. पुढे गंज न धरणाऱ्या पोलादाची पातीही आली. तथापि जुन्या कर्बयुक्त पोलादाचे चाहते कमी झाले नाहीत आणि दोन्ही प्रकार आजही मिळतात. १९८५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जगातील शंभर देखण्या उत्पादनांत या चाकूची निवड केली. त्या यादीत पोर्शची ९११ मोटार आणि रोलेक्सचे घड्याळही होते. त्यांच्या शेजारी बसलेली ही बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू असावी. १९८९ मध्ये ओपिनेल हा शब्द लारूस या प्रसिद्ध फ्रेंच शब्दकोशात दाखल झाला. ज्या सँ-जाँ-द-मोरिएनच्या स्थानकाजवळ जोसेफ यांचे छोटे दुकान होते, त्या गावात आज या चाकूचे संग्रहालय आहे.