आजचं मनन: मनोरमेची शाळा

शास्त्रभाग: अनुवाद ६:४-९

आजच्या भागात देव आपलं वचन मुलांच्या मनावर ठसवायचं काम आईबापांवर सोपवतो, घरात आणि वाटेवर, उठताबसता. शाळेचा उल्लेखच नाही (तेव्हा ॲडमिशनच्या रांगा नव्हत्या!). पण आपल्या पिढीचं घोडं तिथेच अडतं. मुलांना मिशनच्या शाळेत घालायचं की जिल्हा परिषदेच्या? आमच्याकडेही जूनपर्यंत ठरवायचं आहे.

आम्ही मूळचे राहूचे. आमच्याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. बाईंच्या वाट्याला हा प्रश्न दोन्ही बाजूंनी आला.

१८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहत असताना, रमाबाई आणि दोन वर्षांची मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमेचे वडील आधीच कॉलऱ्याने गेले होते. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. सिस्टरांचा मनोरमेवर जीव होता. पण त्रैक्यासारख्या सिद्धांतांबद्दल रमाबाईंना तेव्हा शंका होत्या. स्वतःला न पटलेलं मुलीला शिकवलं जाऊ नये, हे त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून ठणकावून कळवलं. परका देश, आधार दुसऱ्यांचा, तरीही आईचा हक्क सोडला नाही. त्यांच्या शंका मला पटत नाहीत, हिंमत मात्र पटते.

मग बाजू बदलली. ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथे हिंदू विधवांना धर्म शिकवायचा नाही, ही अट होती. (पुढे आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई इथल्याच.) रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसोबत प्रार्थना करत, आणि दार उघडं असे. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ उठला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी सुमारे २५ मुली काढून नेल्या.

आपल्या मंडळ्यांमध्ये ही गोष्ट छळाची म्हणून सांगतात. मला ती तेवढीच वाटत नाही. ते पालक नेमकं तेच मागत होते, जे रमाबाईंनी सिस्टरांकडे मागितलं होतं! रमाबाईंनी सक्ती केली नव्हती, पण स्वतःच्या मुलीसोबतची प्रार्थना लपवायलाही त्या तयार नव्हत्या. शाळेच्या टाइमटेबलमध्ये धर्माचा तास नव्हताच. मनोरमेला तो आईच्या खोलीत मिळत होता.

१८९६ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. केडगावला त्यांना उघडपणे ख्रिस्ती शिक्षण मिळालं, सोबत विणकाम आणि छापखान्याचं कामही. कित्येकींच्या मागे विचारायला पालकच उरले नव्हते.

मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून परत आली ती आईच्याच शाळांचं काम बघायला. १९२१ मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिलला, केडगावलाच रमाबाई गेल्या.