पर्वती रंगवणारा गंगाराम

सोलापूरहून पुण्याला गेलं की पर्वतीवर सेल्फी ठरलेलाच! पण मित्रांनो, याच टेकडीचं जलरंगातलं चित्र १७९५ मध्ये एका मराठी माणसाने काढलंय, आणि ते आज आहे थेट अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात. चित्रकाराचं नाव गंगाराम चिंतामण तांबट.

काळ सवाई माधवराव पेशव्यांचा. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुणे दरबारात होता. त्याला जुन्या वास्तूंचं भारी वेड. कॅमेरा नव्हता, त्यामुळे जे पाहिलं ते कागदावर उतरवणारा हात हवा. तो हात गंगारामचा. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला.

१७९२ मध्ये स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आला. नाना फडणवीसांचं प्रसिद्ध चित्र त्याचंच. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. युरोपीय पद्धतीने दूरचं लहान, जवळचं मोठं कसं दाखवायचं, ते तिथे शिकवलं जाई. गंगाराम तिथला सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी. वेरूळच्या लेण्यांत बसून त्याने खांब, मूर्ती, दालनं रेखाटली. फोटोग्राफीचा शोध लागायला अजून चाळीसेक वर्षं होती!

पर्वतीच्या चित्रात त्याने दक्षिणेचा प्रसंग निवडला. श्रावणात पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्यासाठी दूरदूरहून माणसं पुण्यात येत. पेशवाई बुडाल्यावर याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आजच्या डेक्कन कॉलेजची ती सुरुवात.

वेल्स १७९५ मध्ये वारला. चित्रांचा गठ्ठा घेऊन मॅलेट मायदेशी गेला आणि पुढे त्याने वेल्सच्या मुलीशी लग्न केलं. १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या दृश्यांचं देखणं पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर नावं वेल्स आणि थॉमस डॅनियल यांची. त्याच लेण्यांत घाम गाळणारा गंगाराम मात्र मागेच राहिला. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी कलेच्या अभ्यासकांनी त्याला पुन्हा उजेडात आणलं.

येलने ही चित्रं ऑनलाइन ठेवलीत. मोबाईलवर एकदा बघाच. आणि पुढच्या रविवारी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून, फोटो काढायच्या आधी एक स्केच करून पाहा. खाली आपलं नाव लिहायला मात्र विसरू नका!